तिथले देव, तिथली भुतं, तिथली भवानी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की आशियातल्या देशांमध्ये फिरताना तिथल्या चालीरीती, समजुती यावरून तुम्ही कुठे अडखळला असाल तर लिहा, आणि तुम्ही खरंच भरभरून लिहिलंत. बहुतेक पत्रांचा सूर एकच, "आम्हाला कोणी आधी सांगितलंच नाही". खरंय ते. टूरच्या कागदावर सामानाचं वजन असतं, नाश्त्याची वेळ असते, पण समोरच्या माणसाला कशाने वाईट वाटेल हे कुठेच लिहिलेलं नसतं. उत्तरं सुरू करायच्या आधी माझं मत सांगून टाकते. पटणं वेगळं आणि पाळणं वेगळं, न पटलेली गोष्टसुद्धा परक्याच्या घरी चार दिवस पाळायला आपलं काही जात नाही. पण एखादी समजूत माणसाचं नुकसान करत असेल, त्यातही एखाद्या मुलीचं, तर "त्यांची संस्कृती आहे" म्हणून मी गप्प बसणार नाही. दोन्ही प्रकारचे प्रश्न खाली आहेत.

प्रश्न : मार्चमध्ये बालीला जायचं ठरतंय. टूरवाला म्हणतो एक दिवस हॉटेलबाहेर पडताच येणार नाही, विमानतळसुद्धा बंद असेल. पैसे मात्र पूर्ण दिवसांचे घेतोय. हे खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

अगदी खरं आहे, आणि त्याने आधी सांगितलं हे चांगलंच केलं. तो दिवस म्हणजे न्येपी, बालीतल्या हिंदूंचं नवीन वर्ष. सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत अख्खं बेट बंद. आग नाही आणि दिवेही नाहीत, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही असे चार नियम, आणि ते फक्त तिथल्या लोकांना नाहीत तर बेटावर असणाऱ्या प्रत्येकाला. हॉस्पिटलची इमर्जन्सी, बाळंतपण एवढीच सूट. विमानतळ २४ तास बंद असतो, २०१८ पासून मोबाईल इंटरनेटही बंद ठेवतात. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं लुंगीसारखं वस्त्र नेसलेले गावातले स्वयंसेवक, त्यांना पेचालांग म्हणतात, ते रस्त्यावर फिरून बघतात की कोणी बाहेर तर नाही ना, खिडकीतून उजेड येतोय का. हॉटेलात जेवण मिळतं, आवारात फिरता येतं पण आवाज हळू, पडदे लावलेले, आणि समुद्रावर जायचं नाही.

यामागची समजूत अशी की आदल्या रात्री सगळी भुतंखेतं जागी करून त्यांना हाकलायचं आणि दुसऱ्या दिवशी बेट इतकं चिडीचूप ठेवायचं की चुकून परत आलीच तर त्यांना वाटावं इथे कोणी राहतच नाही. आदल्या संध्याकाळची मिरवणूक मात्र अजिबात चुकवू नका. ओगोह-ओगोह म्हणून राक्षसांचे अवाढव्य पुतळे गावातली पोरं कितीतरी आठवडे खपून बनवतात, बांबूच्या चौकटीवर खांद्यावर घेतात आणि चौकात आले की गरगर फिरवतात, म्हणजे भुतांना दिशाच कळू नये, आणि नंतर बरेचसे पुतळे जाळून टाकतात.

आपल्यासाठी यात एक खास गोष्ट आहे. बालीचं हे वर्ष शक कालगणनेचं आहे, आपलं शालिवाहन शक तेच. २०२३ ला न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चला आले, दोन्हीकडे शके १९४५ सुरू झालं, आणि २०२६ लाही दोन्ही १९ मार्चलाच. पण दरवर्षी असं होईलच असं नाही हां, अधिक महिना धरायची त्यांची रीत वेगळी आहे, २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि आपला पाडवा थेट ९ एप्रिलला. त्यामुळे पाडव्याच्या तारखेवरून तिकीट काढू नका, न्येपीची तारीख वेगळी बघा.

आणखी एक, बालीत चालताना खाली बघा. फुटपाथवर, दुकानाच्या दारात, अगदी पायरीवर सुद्धा माडाच्या कोवळ्या पानांची तळहाताएवढी चौकोनी परडी ठेवलेली दिसेल, त्यात रंगीत फुलं, चार शितं भात, कधी बिस्कीट नाहीतर सिगरेट, वर पेटलेली उदबत्ती. हे चानांग सारी. उंचावर ठेवलेली देवांसाठी, जमिनीवरची खालच्या शक्तींसाठी. घरच्या बायका रोज सकाळी हे स्वतः ठेवतात. उदबत्ती जळत असताना त्यावरून ओलांडून जाऊ नका आणि फोटोसाठी हलवू तर मुळीच नका. "आम्ही पण हिंदूच" म्हणून आपली माणसं तिथल्या देवळात फार मोकळेपणाने वावरतात, मी बघितलंय, पण तिथे कमरेला वस्त्र आणि वर पट्टा बांधल्याशिवाय आत जात नाहीत, आणि पुजाऱ्यापेक्षा उंच जागी चढून उभं राहणं वाईट समजतात. धर्म एक म्हणून रीत एक असेल असं गृहीत धरू नका.

प्रश्न : बँकॉकमध्ये बाजारात एका गोड मुलाच्या डोक्यावरून मी मायेने हात फिरवला तर त्याच्या आईने त्याला पटकन मागे ओढलं. फार लागलं मनाला. माझं काय चुकलं? (एक आजी, सांगली)

आजी, तुमची माया खोटी नव्हती आणि त्या आईचाही तुमच्यावर राग नसणार. थायलंडमध्ये डोकं हा शरीराचा सगळ्यात पवित्र भाग. माणसाचं जे प्राणतत्त्व त्याला ते ख्वान म्हणतात ते डोक्यात राहतं, आणि लहान मुलांचं तर फार नाजूक, धक्का बसला की निघून जाईल अशी भीती. मोठं माणूस आशीर्वाद म्हणून हात ठेवतं ही आपली सवय तिथे उलटी पडते. पुढच्या वेळी लांबूनच हात जोडा, हसा, आई हसली की समजा झालं.

डोकं जितकं वर तितके पाय खाली. देवळात बुद्धाकडे तळवे करून बसू नये, पाय मागे दुमडून एका बाजूला घ्यायचे. गुडघे दुखत असतील तर बाहेर बाकड्यावर बसलेलं बरं, पाय पसरून आत बसण्यापेक्षा. पायाने दार ढकलणं, पायाने वस्तू दाखवणं हे नको. आणि नोट किंवा नाणं खाली पडलं, घरंगळायला लागलं तर त्यावर पाय देऊन अडवू नका, त्यावर राजाचं चित्र असतं. राजघराण्याचा अपमान हा तिथे गंभीर गुन्हा आहे, फौजदारी कायद्याच्या कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. नाण्यावर चुकून पाय पडला म्हणून कोणी तुम्हाला तुरुंगात घालणार नाही पण बघणाऱ्यांचे चेहरे बदलतात. राजाबद्दल मस्करी मात्र फोनवर, व्हॉट्सॲपवर, कुठेच करू नका.

बायकांसाठी अजून एक. बौद्ध भिक्खूंना बाईचा स्पर्श चालत नाही, हातातून हातात वस्तूही घेत नाहीत, समोर कापड पसरतात त्यावर आपण ठेवायची. यात बाई अपवित्र वगैरे मनात आणून खट्टू होऊ नका, ते त्यांच्या ब्रह्मचर्याच्या व्रताचं बंधन आहे, पाळायचं ओझं त्यांच्यावर आहे.

तुम्ही पत्रात घरांपुढच्या छोट्या देवळांबद्दलही विचारलंय ज्यात लाल सरबताच्या बाटल्या स्ट्रॉ घालून ठेवलेल्या असतात. जागेच्या रखवालदार आत्म्याची ती घरं. बांधकाम केलं की त्याची जागा आपण घेतली, मग त्याला राहायला घर द्यायचं आणि रोजचं खाणंपिणं. मॉलपुढे, बँकेपुढे, पेट्रोल पंपावर सगळीकडे असतात. बँकॉकमधलं चतुर्मुख ब्रह्मदेवाचं एरावन देऊळ यातूनच आलं, तिथे हॉटेल बांधताना एकामागून एक विघ्नं यायला लागली तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्याने १९५६ मध्ये ते उभारलं. आज सगळ्यात गजबजलेल्या चौकात आहे, नवस फेडायला लोक तिथे नर्तकी नाचवतात.

प्रश्न : माझं कापडाचं दुकान आहे. हनोईत सकाळी सकाळी एका दुकानात बरीच घासाघीस केली, भाव जमला नाही म्हणून निघालो, तर मागे वळून बघतो तो दुकानदारीण कागद पेटवून दारात फिरवत होती. मला शिव्या दिल्या का? (एक वाचक, इचलकरंजी)

दादा, तुम्ही तर दुकानदार, तुम्हाला हे लगेच समजेल. तुम्ही तिचं पहिलं गिऱ्हाईक होतात आणि भवानी न करता निघालात. व्हिएतनाममध्ये पहिल्या गिऱ्हाइकावर अख्ख्या दिवसाचा धंदा ठरतो असं मानतात, आणि तो भाव पाडून, काही न घेता गेला की त्याच्यामागे राहिलेली अवदसा घालवायला कागद पेटवून दारात ओवाळून टाकतात. शिवी नाही, पण तिच्या मनात खुटखुट राहिली हे नक्की. तिथे घासाघीस करायची असेल तर दहा-अकरानंतर जा. सकाळी लवकर गेलात तर काहीतरी छोटं का होईना घ्या, आणि पहिलंच गिऱ्हाईक हसतमुखाने पटकन खरेदी करणारं असेल तर दुकानदार भावही बरा देतात.

हेच घराला लागू. त्यांचं नवीन वर्ष म्हणजे तेत, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. त्या दिवशी घरात पहिलं पाऊल कोणाचं पडतं यावर वर्ष कसं जाईल ते ठरतं, म्हणून चांगलं चाललेल्या माणसाला आधीपासून सांगून ठेवतात. ज्या घरी नुकतंच कोणी वारलंय अशा घरची माणसं स्वतःहूनच कुठे जात नाहीत. तेव्हा तेतच्या पहिल्या दिवशी ओळखीच्यांकडे न बोलावता टपकू नका. आणि त्या दिवसांत केर काढत नाहीत, लक्ष्मी बाहेर जाईल म्हणून, त्यामुळे होमस्टेमध्ये कचरा दिसला तर तक्रार करू नका.

प्रश्न : भूतानला दोन्ही मुलांना घेऊन गेलो होतो. घरांच्या भिंतीवर पुरुषाच्या लिंगाची मोठमोठी चित्रं! सासूबाईंनी तर मान वर केली नाही, मुलं प्रश्न विचारून हैराण. हे असं का? (एक वाचक, ठाणे)

मुलांना सरळ सांगायचं, ताई. ही चित्रं चावट म्हणून काढलेली नाहीत, घराला नजर लागू नये, लोकांची वाईट बोलणी बाधू नयेत म्हणून काढलेली आहेत. यामागे ड्रुक्पा कुनले नावाचा पंधराव्या-सोळाव्या शतकातला साधू आहे (१४५५ ते १५२९). दारू पिणारा, गाणी म्हणणारा, मठातल्या दांभिक साधूंची खिल्ली उडवणारा. त्याने आपल्या लिंगाच्या सामर्थ्याने राक्षसिणींना वठणीवर आणलं अशा कथा आहेत आणि लोक त्याला अतिशय प्रेमाने मानतात. पुनाखाच्या खोऱ्यात टेकाडावर चिमी ल्हाखांग हे त्याचं देऊळ आहे, १४९९ मध्ये बांधलेलं. भाताच्या शेतांमधून पायवाटेने चढून जायचं. मूल हवं असलेल्या बायका तिथे येतात, लामा त्यांच्या डोक्याला लाकडी लिंग आणि धनुष्यबाण टेकवून आशीर्वाद देतात, कितीतरी जोडपी नंतर बाळाला घेऊन नाव ठेवायला परत येतात.

आपल्याकडचे बरेच जण हे शिवलिंगाशी जोडून मोकळे होतात, तसं करू नका, हा वज्रयान बौद्ध परंपरेचा भाग आहे आणि त्यामागची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. आणि कृपा करून तिथे खिदळत, अंगविक्षेप करत फोटो काढू नका. आत गाभाऱ्यापाशी एखादी बाई डोळे मिटून बसलेली असते, तिच्यासाठी तो आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

प्रश्न : उझबेकिस्तानात एका घरी पाहुणचाराला गेलो. यजमानाने चहा अर्धाच ओतला, तोही दरवेळी. एवढी कंजुषी? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उलट आहे! तिथे वाटी अर्धी भरणं हा मान. म्हणजे तुम्ही पुन्हा पुन्हा मागावा, त्याने पुन्हा पुन्हा उठून ओतावा, तेवढा वेळ तुम्ही बसावं. वाटी काठोकाठ भरून दिली की समजायचं आता निघायची वेळ झाली. पहिला चहा तीनदा वाटीत ओतून परत किटलीत टाकतात तेही बघितलं असेल. रोटी मात्र जपून हाताळा, उलटी ठेवायची नाही, हाताने मोडायची. मुलगा सैन्यात जायला निघाला की तो रोटीचा एक घास चावतो आणि उरलेली रोटी तो परत येईपर्यंत घरात टांगून ठेवतात, एवढं त्या रोटीचं मोल.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी टोकियोत आहे. दोन गोष्टी. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचल्या तर टेबलवरचे सगळे एकदम गप्प झाले. आणि ऑफिसमधली एक मैत्रीण सांगत होती की २०२६ मध्ये मूल नको असं तिच्या आजेसासूचं म्हणणं होतं. हे काय? (एक वाचक, पुणे)

पहिलं आधी. मेलेल्या माणसाच्या उशाशी भाताची वाटी ठेवतात आणि त्यात चॉपस्टिक्स उभ्या खोचतात, म्हणून जेवताना तसं केलं की सगळ्यांना तेच आठवतं. याहून जड दुसरी चूक, आपल्या चॉपस्टिक्समधून समोरच्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देणं. दहन झाल्यावर घरचे लोक चॉपस्टिक्सनेच अस्थी सावडतात, दोघं मिळून एक हाड उचलतात, पायापासून सुरुवात करून डोक्यापर्यंत, म्हणजे कलशात माणूस उलटा राहू नये. ज्याने आपल्या आईवडिलांच्या अस्थी अशा उचलल्यात त्याच्यापुढे जेवणाच्या टेबलावर तीच कृती झाली तर त्याला काय वाटत असेल. वाटून खायचं असेल तर घास बशीत ठेवा, तो उचलून घेईल.

आता दुसरं. जपानी पंचांगात ६० वर्षांचं चक्र आहे, त्यात हिनोए-उमा म्हणजे अग्नी-घोड्याचं वर्ष येतं. १९०६, १९६६, आणि मग २०२६. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते, नवऱ्याच्या मुळावर येते ही समजूत. १६८३ मध्ये एदोत म्हणजे जुन्या टोकियोत ओशिची नावाच्या तरुण मुलीला आग लावल्याबद्दल जिवंत जाळलं होतं, तिचा जन्म अशा वर्षातला होता असं सांगतात आणि तिथून ही गोष्ट पसरली. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८ लाख २४ हजार मुलं जन्मली, १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजार, आणि १९६७ मध्ये परत १९ लाख ३६ हजार. बुलेट ट्रेन सुरू झालेल्या, ऑलिम्पिक भरवलेल्या देशात एका वर्षात पाव भाग मुलं कमी जन्माला आली, केवळ या भीतीने. नंतर १९८९ मध्ये जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.५७ झाला, १९६६ च्या १.५८ च्याही खाली, तेव्हा सरकारला धक्का बसला तो याच तुलनेमुळे.

इथे मी स्पष्ट बोलणार. चॉपस्टिक्सचा नियम मन लावून पाळा, कारण त्यामागे दुःखाचा मान आहे. पण ही दुसरी गोष्ट एका न जन्मलेल्या मुलीच्या माथी दोष मारते. मंगळ आहे म्हणून, मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून, "पांढऱ्या पायाची" म्हणून आपल्याकडे किती मुलींची आयुष्यं नासली हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या मैत्रिणीला उपदेश करू नका, तिच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची टिंगलही नको, पण तिने विचारलं तर तुमचं मत ठामपणे सांगा. आणि १९६६ ला जन्मलेल्या बाईला "तुम्ही त्या वर्षातल्या का" असं गंमत म्हणूनही विचारू नका, तिने ते जन्मभर ऐकलंय.

प्रश्न : समजा नाही पाळलं, तर जास्तीत जास्त काय होईल? पर्यटकांना कोण काय करतंय? (एक वाचक, कोल्हापूर)

करतात. मे २०१५ मध्ये मलेशियातल्या किनाबालू शिखरावर काही परदेशी पर्यटकांनी कपडे काढून फोटो काढले. तिथल्या कादाझान-दुसुन लोकांसाठी तो डोंगर म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांची विसाव्याची जागा. काही दिवसांतच, ५ जूनला, ६ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला आणि डोंगरावर १८ जण गेले, त्यात सिंगापूरची शाळकरी मुलं होती आणि वाट दाखवणारे स्थानिक गाईडही. भूकंप जमिनीखालच्या हालचालींनी होतो, फोटोंनी नाही, हे मला लिहायलाच हवं, पण ज्या गावातले गाईड गेले त्या गावाला काय वाटलं असेल तेही समजून घ्या. चार पर्यटकांना सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन केल्याबद्दल तीन दिवसांची कैद आणि ५००० रिंगिट दंड झाला.

श्रीलंकेत २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू आहे म्हणून एका ब्रिटिश बाईला विमानतळावर अटक करून परत पाठवलं. ती स्वतः बौद्ध धर्म मानणारी होती. तिच्यावर अन्याय झाला असंच माझं मत, आणि २०१७ मध्ये श्रीलंकेच्या सुप्रीम कोर्टाने तिला नुकसानभरपाई दिली. पण तुम्हाला तीन वर्षं कोर्टात घालवायची नसतील तर असा टॅटू बाहीखाली झाका, आणि बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिथे तो अपमान समजतात. आणि पौर्णिमेला, पोया म्हणतात तिथे त्या दिवसाला, दारूविक्री बंद असते, दारू हॉटेलवाल्याशी वाद घालून मिळणार नाही.

प्रश्न : दुबईत माझ्यासोबत काम करणाऱ्या फिलिपिनो सहकाऱ्याचे वडील वारले, मी सुट्टीत मनिलाजवळ त्यांच्या घरी भेटायला जातेय. काय सांभाळू? (एक वाचक, मुक्काम दुबई)

तुम्ही एवढ्या लांब जाताय हे त्या घराला फार मोठं वाटेल. तिथे शव काही दिवस घरात किंवा हॉलमध्ये ठेवतात आणि रात्रभर लोक जागतात, पत्ते खेळतात, गप्पा मारतात, खातात. हे बघून दचकू नका, घरच्यांना एकटं पडू द्यायचं नाही म्हणून ते असतं. पाकिटात जमेल तेवढे पैसे द्यायचे, खर्चाला हातभार म्हणून. निघताना घरचं कोणी दारापर्यंत सोडायला येणार नाही, ते तिथे अशुभ समजतात, मनाला लावून घेऊ नका. आणि तिथून थेट मुक्कामी जायचं नाही, वाटेत कुठेतरी थांबायचं, एखादं दुकान, कॉफीची जागा, दहा मिनिटं पुरे, म्हणजे मृताचा आत्मा मागोमाग घरी येत नाही अशी समजूत आहे. सोबतचे लोक गाडी थांबवतील तेव्हा तुम्हीही उतरा. जेवण तिथेच खा, घरी बांधून आणू नका.